वरच्या फळीवरची रोपं पिवळी, खालच्या फळीवरची हिरवी : लाइटखाली नेमकं काय बिघडलंय?

धाब्यावरची_बाग (जळगाव) · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी भरताची वांगी, टोमॅटो आणि मिरची असं तिन्हींचं बी प्रोट्रेत (छोट्या कपांच्या रोपांच्या ट्रेत) टाकलं. धाब्यावर (गच्चीवर) पारा ४४ च्या खाली उतरत नाही, तिथे कोवळं रोप टिकणं शक्य नाही. म्हणून आतल्या कोठीच्या खोलीत लोखंडी मांडणी लावली आणि एलईडीखाली रोपं वाढवायला घेतली. मृगाचा पाऊस पडेपर्यंत लावणीजोगी व्हावीत एवढाच हेतू. वांग्याचं बी माहेरचं, बामणोदचं आहे. पुडीत आता चिमूटभर उरलंय, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

मांडणीला दोन फळ्या आहेत. वर १०० वॅटचा एलईडी बोर्ड, रोपांच्या शेंड्यापासून वीतभर उंच. खाली २० वॅटच्या दोन साध्या पांढऱ्या ट्यूब. दोन्हींना मिळून एक टायमर, सकाळी ६ ते रात्री १०. माध्यम दोन्हीकडे तेच, कोकोपीट (नारळाचा भुसा) दोन भाग आणि गांडूळखत एक भाग. पाणी बोअरचं, कारण नळ रोज येत नाही. खोलीत कूलर असतो.

आज २४ वा दिवस. पहिले अडीच आठवडे सगळं छान होतं. गेल्या पाच-सहा दिवसांत वरच्या फळीवर टोमॅटो आणि वांग्याच्या पानांवर पिवळे चट्टे आले. शिरा हिरव्या, मधला भाग फिकट. मिरचीचा रंग ठीक आहे, पण पानं कडेने वर वळून वाटीसारखी झालीत. बऱ्याच पानांची टोकं करपलीत. दोन वांग्यांच्या पानामागे बारीक फोड आलेत, बोटाला खडबडीत लागतात. खालच्या फळीवरची रोपं हिरवीगार आहेत, पण काडीसारखी लांब झालीत आणि ट्यूबकडे माना काढून उभी आहेत.

दुकानात फोटो दाखवला तर मॅग्नेशियम, सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि एक टॉनिक अशा तीन बाटल्या हातात ठेवल्या. अजून एकही उघडलेली नाही. आधी इथे विचारते आहे.


रावेरचा_केळीवाला · सोमवार, रात्री १०.२५

ताई, बाटल्या उघडल्या नाहीत हे फार बरं केलंत. आमच्याकडे टिश्यू कल्चरची केळीची रोपं शेडमध्ये येतात तेव्हा पहिले काही दिवस त्यांची मुळं अगदी नाजूक असतात. एका वर्षी पानं फिकी दिसली म्हणून मी घाईने खताचं पाणी दिलं आणि अर्धा लॉट करपला. रोप आजारी दिसलं की काहीतरी ‘द्यावं’ असं हाताला वाटतं. ताणात असलेल्या मुळाला मात्र खताचं पाणी म्हणजे मीठच.

मला काही गोष्टी सांगा. पिवळेपणा आधी कोणत्या पानावर आला, सगळ्यात खालच्या, मधल्या की शेंड्याच्या? चट्टे बोर्डच्या बरोबर मधोमध असलेल्या रोपांवर जास्त आहेत की कडेच्याही तेवढेच? टोकं करपलीत ती दोन्ही फळ्यांवर की फक्त वर? कूलरचा झोत कोणत्या बाजूने येतो? आणि सकाळी पाणी देण्याआधी ट्रे उचलून बघा, हलका लागतो का जड. मान टाकलेलं रोप कोरड्या मातीतही तसंच दिसतं आणि चिखलात गुदमरलेलंही तसंच दिसतं. फरक हाताला वजनाने कळतो.


पांझराकाठ (धुळे) · सोमवार, रात्री ११.०५

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा म्हणजे लोह. बोअरचं पाणी जड असलं की माध्यमाचा सामू (पीएच) वर जातो, मग लोह असूनही मुळाला उचलता येत नाही. माझ्या लिंबाला दर उन्हाळ्यात हेच होतं. चिलेटेड लोह, म्हणजे मुळाला सहज उचलता येणारं, अगदी थोडं देऊन बघा.

एक मात्र सांगतो. डिसेंबरात माझ्या टोमॅटोच्या रोपांची पानं खालून जांभळी झाली होती. सगळे म्हणाले स्फुरद (फॉस्फरस) कमी. मी स्फुरद दिलं, काही फरक पडला नाही. धुळ्याची थंडी तुम्हाला माहीत आहे, फरशी बर्फासारखी झालेली आणि ट्रे थेट फरशीवर. मुळं गारठली होती, त्यामुळे स्फुरद उचललं जात नव्हतं. ट्रे लाकडी फळीवर उचलून ठेवला आणि आठवड्याभरात नवी पानं हिरवी आली. म्हणून लोहाबद्दलही मी शंभर टक्के म्हणत नाही.


पथारीवाला (नंदुरबार) · मंगळवार, सकाळी ६.५०

मिरचीपुरतं बोलतो, कारण तेवढंच मला पक्कं कळतं. पान कडेने वर वळून होडीसारखं झालं तर आधी फुलकिडे (थ्रिप्स) बघायचे. पान खाली वळलं, उलट्या होडीसारखं, देठ लांबला, तर कोळी (माइट). आमच्याकडे दोन्हीला मिळून चुरडा-मुरडा म्हणतात आणि तिथेच फवारणी चुकते, कारण फुलकिड्याचं औषध कोळ्यावर चालेलच असं नाही.

पांढऱ्या कोऱ्या कागदावर रोपाचा शेंडा हलकेच तीन-चारदा झटका. कागद उन्हात धरा. पिवळसर, गव्हाच्या कुसळाच्या तुकड्यासारखं काही सरपटलं तर ते फुलकिडे. पानामागे चंदेरी ओरखडे दिसतात का तेही बघा. काहीच नसेल तर मग उजेड आणि उष्णता.


यावलचे_नाना · मंगळवार, सकाळी ८.१५

माझी रोपवाटिका २५ वर्षांची आहे. रोपाला सूर्यच लागतो. एवढा खर्च लाइटवर करण्यापेक्षा शेडनेट बांधा आणि बाहेर ठेवा.


रावेरचा_केळीवाला · मंगळवार, सकाळी ८.४०

नाना, तुमच्याकडे शेडनेटमध्ये फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारे फवारे) आहे, जमिनीत ओल आहे, आजूबाजूला केळी आहे. ताईंचं सिमेंटचं धाबं आहे. दुपारी ४४ डिग्रीत सिमेंटवर ठेवलेल्या प्रोट्रेचा कप पेलाभर चहाएवढाही नसतो, तो तासात तापतो आणि सुकतो. आत ठेवायचा निर्णय मला बरोबर वाटतो.


यावलचे_नाना · मंगळवार, सकाळी ९.१०

धाबं सिमेंटचं असेल तर तुमचं खरं आहे, ते माझ्या लक्षात आलं नाही.

मग कोकोपीटचं विचारतो. विटा विकत आणून नुसत्या भिजवल्या की धुतल्या? नारळाच्या भुशात सोडियम आणि पालाश (पोटॅशियम) भरपूर असतं. न धुतलेल्या विटेत ते मीठ तसंच राहतं, शिवाय तो भुसा कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतो. आम्ही दोन-तीन पाण्यांनी धुतो, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवतो आणि पुन्हा निथळून घेतो. त्याशिवाय बी टाकत नाही. ट्रेच्या वर किंवा कडेला पांढरी पापडी धरली आहे का?


धाब्यावरची_बाग · मंगळवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. दिवसभर एकेक तपासत होते.

पिवळेपणा मधल्या पानांवर आहे, म्हणजे खऱ्या पानांतलं दुसरं आणि तिसरं. सगळ्यात खालची पानं ठीक आहेत. शेंड्याचं अगदी नवं पान फिकट हिरवं आहे, पण चट्टे नाहीत. बोर्डच्या मधोमध जास्त आहेत, तरी कडेच्या टोमॅटोलाही आलेत. टोकं मात्र दोन्ही फळ्यांवर करपलीत, वरखाली सारखीच. कूलरच्या बाजूच्या दोन ओळींत पानांची एकच कड, झोताकडची, वाळून कुरकुरीत झालीय.

नाना, विटा फक्त भिजवल्या होत्या, धुतल्या नव्हत्या. पांढरी पापडी आहे, मी तिला बुरशी समजत होते. शेजारच्यांकडून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा पेन आणला. बोअरचं पाणी ११५०, नळाचं २६०. एका कोपऱ्यात नळाचंच पाणी जरा जास्त ओतून खाली निथळलेलं मोजलं, २४०० आलं.

फोनवर लक्स (उजेड) मोजायचं अॅप घेतलं. बोर्डखाली मधोमध ३१,०००, कडेला १४,०००. खालच्या फळीवर ५,०००. पानांच्या उंचीवर थर्मामीटर लटकवला, दुपारी ३७.

मिरचीच्या कागदावर तीन किडे सरपटले. पथारीवाले भाऊ, तुम्ही म्हणालात तसेच पिवळसर, बारीक. उन्हापासून वाचवायला गेल्या महिन्यात धाब्यावरची एक जुनी मिरचीची कुंडी याच खोलीत आणली होती. तिच्या शेंड्यांत तर भरलेच आहेत.


वनस्पती_मॅडम (भुसावळ) · मंगळवार, रात्री १०.५०

फार नेटकं मोजलंत. मी महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवते आणि पानाचा फोटो बघून निदान सांगायला मी नेहमी नकार देते, कारण एकच पिवळेपणा दहा कारणांनी येतो. पण तुमच्याकडे दोन फळ्या आहेत, तीन पिकं आहेत, मधोमध आणि कड आहे. यातूनच बरंच कळतं.

जे दोन्ही फळ्यांवर सारखं आहे त्याचं कारण दोन्हीकडे सारखं असलेलं काहीतरी असणार. करपलेली टोकं वरखाली सारखी आहेत, म्हणजे पाणी आणि कोकोपीट. २४०० चा आकडा तेच सांगतो. रोपांसाठी हे क्षार दुपटी-तिपटीने जास्त आहेत. जे एकाच बाजूला आहे, ती झोताकडची वाळलेली कड, ते कूलरचं. जे फक्त मिरचीवर आहे ते फुलकिड्यांचं, कागदावर पुरावाच आहे.

आता चट्टे. लोह असतं तर आधी शेंडा पिवळा पडला असता, कारण लोह रोपाच्या आत एका पानातून दुसऱ्यात फारसं हलत नाही, त्यामुळे उणीव नव्या पानाला भोगावी लागते. नत्र (नायट्रोजन) आणि मॅग्नेशियम हलतात. शेंड्याला कमी पडलं की रोप ते खालच्या जुन्या पानातून काढून वर पाठवतं, म्हणून तिथे जुनी पानं आधी पिवळी पडतात. तुमची शेंड्याचीही ठीक आहेत आणि सगळ्यात खालचीही.

उजेडाचं गणित बघू. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण ७० ने भागलं की रोपाच्या कामाचा प्रकाश चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतो ते मायक्रोमोलमध्ये मिळतं. फोनचा सेन्सर ढोबळ असतो, पण तुलनेला पुरतो. मधोमध ४४०, कडेला २००, खाली ७०. याला तासांनी आणि मग ०.००३६ ने गुणलं की दिवसभराचा एकूण प्रकाश मोलमध्ये येतो. १६ तासांचे मधोमध सुमारे २५, कडेला साडेअकरा, खाली फक्त चार. या रोपांना १० ते १५ पुरतात. खालची रोपं लांब का झाली ते इथेच कळतं. मधोमध जास्त आहे, शिवाय ३७ डिग्री. तिथे पान फिकं पडणं समजू शकते.

पण कड मला समजत नाही. साडेअकरा मोल म्हणजे आदर्शच. तिथे टोमॅटोवर चट्टे का यावेत? आणि बोर्डच्या मधोमध असूनही मिरचीचा रंग का टिकावा? टोमॅटो आणि वांगं बिघडतं, मिरची तगते, असं नेमकं करणारी एक गोष्ट मला माहीत आहे. टायमर खरंच रात्री १० ला बंद करतो का? एकदा मध्यरात्री स्वतः उठून बघाल?


पांझराकाठ (धुळे) · बुधवार, सकाळी ७.२०

मॅडम, एक शंका. वरची रोपं जास्त उजेडात जोमाने वाढतात, म्हणजे त्यांना अन्नही जास्त लागणार. खालची हिरवी आहेत ती वाढच होत नाही म्हणून हिरवी असतील. त्यावरून अन्नद्रव्यांची कमतरता नाही असं कसं म्हणायचं?


वनस्पती_मॅडम · बुधवार, सकाळी ७.४५

अगदी योग्य शंका. खालची फळी हिरवी आहे एवढ्यावरून कमतरता बाद होत नाही. मी ती बाद धरली ती पानाच्या जागेवरून आणि मिरचीवरून. तरीही खात्री करायची तर ताईंनी टोमॅटोच्या चारच रोपांवर मॅग्नेशियम सल्फेटचं पातळ पाणी फवारावं, त्यांना दोरा बांधून ठेवावा आणि बाकीच्यांना काही देऊ नये. चारच सुधारली तर मी चुकले. सगळी एकत्र सुधारली तर मॅग्नेशियमचा संबंध नव्हता.


धाब्यावरची_बाग · गुरुवार, सकाळी ६.१०

मॅडम, रात्री दीडला उठून गेले. बोर्ड चालू होता.

खोली आतली आहे आणि उजेड बाहेर येऊ नये म्हणून आम्ही दार लोटून घेतो, त्यामुळे मला कधी दिसलं नाही. सासूबाई रात्री पाणी प्यायला उठतात, त्यांना विचारलं. म्हणाल्या, “रातले त्या खोलीमा उजेडच राहस, माले वाटनं तसंच ठेवतंस.” त्यांना वाटलं मी मुद्दाम ठेवते.

टायमर गोल तबकडीचा आहे, बाजूला एक छोटी खिट्टी. एका बाजूला तबकडीप्रमाणे चालतो, दुसऱ्या बाजूला कायम चालू. बाराव्या दिवशी रात्री बहिणीला रोपांचे फोटो पाठवायचे होते म्हणून मी ती खिट्टी सरकवून लाइट लावला होता. परत सरकवायची राहिली. म्हणजे १४ दिवस रोपांना अंधारच मिळाला नाही.


वनस्पती_मॅडम · गुरुवार, सकाळी ९.३०

मग सगळं जुळलं. टोमॅटो आणि वांगं या दोघांना अखंड उजेड सोसत नाही, हे जवळपास शंभर वर्षं माहीत आहे. काही दिवसांत पानांवर शिरांच्या मध्ये पिवळे चट्टे येतात आणि पान काम करेनासं होतं. प्रकाश मंद असला तरी संवेदनशील वाणांत हे होऊ शकतं, फक्त सावकाश. म्हणून कडेलाही चट्टे, आणि खालच्या मंद ट्यूबखाली अजून नाहीत. मिरचीला पुष्कळ सोसतं.

याचं नेमकं कारण अजून पूर्ण उलगडलेलं नाही, पण एक धागा सापडला आहे. टोमॅटोच्या रानटी भाईबंदांपैकी काही अखंड उजेडातही हिरवे राहतात. २०१४ मध्ये संशोधकांनी ही सहनशक्ती सातव्या गुणसूत्रावरच्या एका जागेशी जोडून दाखवली, हरितद्रव्याला धरून ठेवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकाशी. आपल्या लागवडीच्या टोमॅटोत अखंड उजेडात ते जनुक कमी काम करतं. मला हे फार विलक्षण वाटतं, कारण रानटी टोमॅटोही बारा-तेरा तासांच्या दिवसाच्या प्रदेशातलाच. त्यालाही अखंड उजेड कधी मिळालेला नाही.

दिवसरात्रीच्या तापमानात फरक असेल तर इजा कमी होते. तुमच्या खोलीत लाइट आणि कूलर दोन्ही अहोरात्र, म्हणजे तापमानही जवळपास एकसारखं. रोपाला रात्र झाल्याची एकही खूण मिळत नव्हती.

फोडांचं सांगते. तो रोग नाही. मुळाशी ओल आणि ऊब, हवा दमट, पानातून पाणी पुरेसं उडत नाही, तेव्हा पेशी फुगतात. एलईडीत सूर्यासारखे अतिनील किरण नसतात, त्यामुळे टोमॅटो-वांग्याच्या कुळात असे फोड जास्त दिसतात. रात्री दार लोटलेल्या खोलीत कूलर चालू, म्हणजे दमटपणा आलाच. फोडाची पानं तोडू नका.


यावलचे_नाना · गुरुवार, सकाळी १०.००

अंधाराचं हे मला नवीन आहे. सूर्य मावळतोच, त्यामुळे आम्हाला कधी विचार करावा लागला नाही.

ताई, आता क्षार काढा. नळाचं पाणी साठवा, सकाळी ट्रे तिरका धरून सावकाश ओता, कपाच्या दोन-तीन पट पाणी खालून निघून जाऊ द्या. पूर्ण निथळल्याशिवाय परत पाणी नाही. फिल्टरमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी चुकूनही घालू नका, त्यात क्षार अजून जास्त असतात. चार दिवसांनी एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नको.


पथारीवाला (नंदुरबार) · गुरुवार, दुपारी १.१५

आधी ती जुनी कुंडी खोलीबाहेर काढा. ती आत असेपर्यंत फवारणीचा उपयोग नाही. मग निंबोळीचा अर्क, ५ टक्के. ५० ग्रॅम निंबोळीच्या बियांचा आतला गर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबण टाका. संध्याकाळी लाइट बंद झाल्यावरच फवारा, ओल्या पानावर बोर्डचा उजेड आणि उष्णता नको. सहा दिवसांनी पुन्हा. निळे चिकट सापळे लावा, फुलकिडे निळ्याकडे जास्त येतात.


बोरीकाठ (अमळनेर) · गुरुवार, रात्री ९.०५

मीही यंदा पहिल्यांदाच ट्यूबखाली रोपं केलीत आणि ती ताईंच्या खालच्या फळीसारखीच लांबट झालीत. ती वाया गेली का?


रावेरचा_केळीवाला · गुरुवार, रात्री ९.५०

नाही दादा. ट्रेखाली विटा रचून रोपं ट्यूबच्या चार बोटं जवळ न्या. एलईडी ट्यूब हाताला फारशी गरम लागत नाही, पण रोप वाढेल तसा ट्रे खाली घेत राहा, पान टेकू देऊ नका. दिवसातून एक-दोनदा शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवा, वाऱ्याने हलल्यासारखं होतं आणि खोड जाड होतं. टोमॅटो लावताना खोड पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडा, गाडलेल्या भागाला मुळं फुटतात. वांगी-मिरची तेवढी खोल नको.


धाब्यावरची_बाग · ३१ वा दिवस

आठवड्याचा हिशेब देते. सगळं एकदम बदललं तर कशाने काय झालं हे कळणार नाही असं मॅडमनी निरोपात लिहिलं होतं, म्हणून क्रमाने केलं. पहिल्या रात्रीपासून अंधार, १० ते ६. खिट्टीवर चिकटपट्टी लावून टाकली. तिसऱ्या दिवशी ट्रे धुतले, निथळलेलं पाणी २४०० वरून ७०० वर आलं. पाचव्या दिवशी बोर्ड वर उचलून दीड फुटाला जरा कमी, साधारण ४० सेंटिमीटरवर नेला. मधोमध आता १५,००० लक्स, मॅडमच्या गणिताने सव्वाबारा मोल. कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवलं, दार रात्री उघडं. दुपारी पानांजवळ ३२ च्या आसपास असतं.

दोरा बांधलेले चार टोमॅटो आणि बाकीचे यांत काहीच फरक नाही. सगळ्यांचीच नवी पानं स्वच्छ हिरवी आलीत. जुन्या पानांवरचे चट्टे मात्र जसेच्या तसे आहेत. ते जाणार का?


वनस्पती_मॅडम · ३१ वा दिवस

जाणार नाहीत, ती पानं तशीच राहतील आणि हळूहळू गळतील. त्यांच्याकडे बघून पुन्हा काही द्यायला जाऊ नका. इथून पुढे शेंड्याकडची दोन पानंच बघायची.


पांझराकाठ (धुळे) · ३१ वा दिवस

माझं लोहाचं निदान चुकलं, आणि चुकलं याचा आनंद आहे. माझ्याकडचाही टायमर रात्री बघून आलो. खिट्टी बरोबर होती, पण परवा तीन तास वीज गेली होती तेवढी तबकडी मागे पडलेली. म्हणजे लाइट पहाटे १ ला बंद होत होता. तबकडीचे टायमर वापरणाऱ्यांनी वीज येऊन गेली की घड्याळ जुळवून घ्या.


धाब्यावरची_बाग · ३९ वा दिवस

मिरचीच्या दोन फवारण्या झाल्या. कागदावर काल एकही किडा नाही. नवी पानं सपाट आहेत, वळलेली जुनी तशीच. तीन मिरच्यांचे शेंडेच खुरटले होते, त्या काढून टाकल्या.

वांग्याची २२ पैकी १९ चांगली आहेत. आता बाहेर कशी काढू? ऊन अजून ४१ आहे.


यावलचे_नाना · ३९ वा दिवस

घाई करू नका. एलईडीखालच्या पानाने खरं ऊन बघितलेलंच नाही, थेट ठेवलं तर तासाभरात पांढरं पडतं. पहिले दोन दिवस सकाळी साडेसहा ते साडेसात, ५० टक्क्यांच्या हिरव्या नेटखाली. मग रोज अर्धा-पाऊण तास वाढवा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून सकाळचं कोवळं ऊन नेटशिवाय. दुपारी आत. पाणी थोडं ताणा, पण मान टाकेपर्यंत नाही. ट्रे सिमेंटवर न ठेवता खाटेवर ठेवा, खालून वारा लागतो. आठ-दहा दिवस हे करा, आणि एक दमदार पाऊस झाल्यावर संध्याकाळी लावा.


धाब्यावरची_बाग · ५३ वा दिवस

परवा रात्री दीड तास पाऊस झाला. काल संध्याकाळी १९ वांगी लावली, १२ माहेरच्या बांधावर बामणोदला आणि ७ माझ्या धाब्यावर मोठ्या पिंपांत. टोमॅटो केळीवाल्या दादांनी सांगितलं तसे खोल गाडले. आज सकाळी एकानेही मान टाकलेली नव्हती. सगळ्यात खालच्या एक-दोन पानांवर अजून ते पिवळे चट्टे आहेत, बाकी झाड हिरवं.


बोरीकाठ (अमळनेर) · ५३ वा दिवस

ताई, या वांग्याचं बी धरणार असाल तर थोडं मलाही ठेवाल का?


धाब्यावरची_बाग · ५३ वा दिवस

हो. पिंपातल्या सातांपैकी एका झाडावरची दोन फळं पिकून पिवळी होईपर्यंत तोडायची नाहीत असं ठरवलंय. दिवाळीच्या सुमारास बी सुकेल, तेव्हा निरोप करते.